बेघरांवरच्या फोटो-शॉर्टफिल्म

फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनबाहेर राहणाऱ्या माणसांचे फोटो, त्यावर कोणाचा तरी आवाज, थोडं म्युझिक आणि शेवटी मदतीचं आवाहन, अशी चार-पाच मिनिटांची फिल्म म्हणजे हा प्रकार. बनवणारे बहुतेक करून एनजीओवाले, कॉलेजची मुलं नाहीतर फोटोग्राफीचे ग्रुप. काहींमध्ये नुसते फोटो एकामागून एक येतात, काहींमध्ये फोटो काढता काढता झालेलं बोलणंपण ऐकू येतं आणि मला हा दुसरा प्रकार जास्त खरा वाटतो, कारण त्यात तो माणूस स्वतः बोलतो, त्याच्या वतीने कोणी दुसरं बोलत नाही.

बेघर म्हणजे नक्की कोण हे आधी क्लिअर हवं. जनगणनेच्या हिशोबाने जे उघड्यावर, रस्त्याकडेला, मोठ्या पाइपांमध्ये, फ्लायओव्हर नाहीतर जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा प्लॅटफॉर्मवर राहतात ते बेघर, झोपडपट्टीतले लोक यात येत नाहीत. २०११ ला देशात असे १७.७ लाख निघाले, त्यातले साधारण ९.४ लाख शहरांमध्ये, आणि ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली होती. इंदूरला एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात चादर टाकून झोपलेले दिसतात त्यातले बरेच जण धार, झाबुआ, बडवानीकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक असतात, गावाला त्यांचं घर आहे. लांबून झूम करून फोटो घेतला की तेही बेघर म्हणून फिल्ममध्ये जातात. जवळ जाऊन "कुठून आलात?" एवढं विचारलं तरी ही चूक होणार नाही.

फोटो पडद्यावर दाखवून गरिबांसाठी लोकांना हलवायचं ही कल्पना सिनेमाच्याही आधीची आहे. न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस १८८० च्या दशकात फ्लॅशची पावडर पेटवून अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढायचा आणि मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरचे फोटो पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या दिव्यावर, दाखवत भाषणं द्यायचा. तरुणपणी तो स्वतः पोलिसांच्या निवाऱ्यात झोपलेला होता, त्यामुळे तिथली घाण त्याला माहीत होती, आणि त्याने मागे लागून १८९६ ला ते निवारे बंद करायला लावले. पण १९३६ ला डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावणीत काढलेला आई आणि मुलांचा फोटो जगभर गेला आणि त्यातल्या बाईने, फ्लॉरेन्स थॉम्प्सनने, चाळीसेक वर्षांनी सांगितलं की तिला त्यातून एक पैसाही मिळाला नाही. फोटोचा फायदा नक्की कोणाला, हा प्रश्न या प्रकाराच्या मागे तेव्हापासून लागलेला आहे.

त्यावर एक उपाय म्हणजे कॅमेराच बेघरांच्या हातात देणं. लंडनच्या कॅफे आर्ट या संस्थेने बेघर लोकांना एकदाच वापरायचे १०० कॅमेरे वाटले आणि त्यांच्या फोटोंचं कॅलेंडर काढलं. त्यात रडके चेहरे शोधावे लागतात, कारण त्यांनी आपलं शहर टिपलंय, तेच शहर जे आपणही बघतो.

इंदूरात कॅमेरा जुना आहे, लाला दीनदयाळ इथे सरकारी नोकरी करत होते तेव्हाच, १८७४ च्या आसपास, फोटोग्राफीकडे वळले आणि तुकोजीराव होळकरांनी त्यांना साथ दिली. पण बेघरांवरची शहराला सगळ्यात जास्त हलवणारी फिल्म कुठल्या फोटोग्राफरची नाही. २९ जानेवारी २०२१ ला, ऐन थंडीत, महापालिकेच्या ट्रकमधून म्हाताऱ्या बेघर माणसांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवत होते, ते गावकऱ्यांनी मोबाइलवर शूट केलं आणि हटकलं, मग त्यांना परत ट्रकमध्ये बसवावं लागलं. उपायुक्त सस्पेंड झाले. कलेक्टरांनी खजराना गणपतीसमोर माफी मागितली. त्या क्लिपमध्ये म्युझिक नाही, व्हॉइसओव्हर नाही, तरी बघवत नाही, कारण कोण काय करतंय ते समोर दिसतं.

बऱ्याच फिल्ममध्ये नेमकं हेच नसतं. सुरकुत्या, पांढरी दाढी, ब्लॅक अँड व्हाइट, पण हा माणूस घराबाहेर का पडला, दिवसा काय करतो (फुगे विकतो, भंगार वेचतो, लग्नात डोक्यावर लाइट धरतो) याचा पत्ता नाही. शिवाय सुप्रीम कोर्टाने २०१० ला सांगितलेलं, की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक रैनबसेरा (बेघरांसाठीचा निवारा) चोवीस तास चालू हवा, हेही कोणी सांगत नाही. इंदूरात तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल करायचा आदेश निघाला, तेव्हा "दोन रुपये द्या" म्हणणाऱ्या फिल्मचा उपयोग नाही, जवळचा रैनबसेरा कुठे आणि तिथे जागा कशी मिळते ते स्क्रीनवर लिहा.

लहान मुलांबाबत कायदा कडक आहे, २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख मीडियात देता येत नाही, म्हणजे चेहरा नको, नाव नको. मोठ्यांची परवानगी घेताना नुसती मान हलवलेली पुरत नाही, हे कुठे दाखवणार ते मोबाइलवर उघडून दाखवायचं. आणि फिल्म तयार झाली की पहिला शो रैनबसेऱ्यातच, भिंतीवर चादर लावून, ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यासमोर ठेवायचा. त्यातलं कोणी म्हणालं माझा फोटो काढून टाका, तर एडिट पूर्ण झालेलं असलं तरी काढून टाकायचा.