रिलीफ पिचर (बेसबॉल)

बेसबॉलचा सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. त्याच्या जागी मधूनच चेंडू टाकायला येणारा तो रिलीफ पिचर. क्रिकेटच्या सवयीने पाहिले तर ही साधी गोलंदाजीतील अदलाबदल वाटते, पण एक फरक सगळे गणित बदलतो. क्रिकेटमध्ये दमलेल्या गोलंदाजाला कर्णधार सीमारेषेवर पाठवतो आणि दहा षटकांनी पुन्हा चेंडू हाती देतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही. त्यामुळे कोणाला कधी काढायचे आणि कोणाला राखून ठेवायचे, हा मॅनेजरच्या, म्हणजे संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, डोक्याला रोजचा ताप. राखीव पिचर मैदानालगतच्या 'बुलपेन' नावाच्या आवारात बसून असतात. तिथला फोन खणखणला की ज्याचे नाव निघेल तो उठून हात मोकळा करू लागतो.

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन बाद झाले की पाळी संपते. पूर्वी चांगल्या स्टार्टरने नऊच्या नऊ इनिंग टाकाव्यात अशी रीत होती, आणि स्टार्टर म्हणून न टिकलेल्यांची रवानगी बुलपेनमध्ये होई. हॉइट विल्हेल्म हा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेलेला पहिला रिलीफ पिचर. त्यालाही १९८५ साल उजाडावे लागले. या कामाला हिशेबाच्या वहीत जागा मिळाली ती शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या 'सेव्ह' या कल्पनेमुळे. १९६९ पासून सेव्हची अधिकृत नोंद होऊ लागली. आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची असताना येऊन, किमान एक इनिंग टाकून सामना जिंकून दिला की पिचरच्या नावावर एक सेव्ह. इतरही काही प्रकारांनी तो मिळतो, पण नेहमीचा प्रकार हाच. पुढे १९८८ च्या सुमारास ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रूसा यांनी डेनिस एकर्स्लीला जवळपास फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायला सुरुवात केली आणि आजचा 'क्लोजर' घडला. शेवटचे तीन बळी घेऊन गंगेत घोडे न्हाऊ घालणे एवढेच त्याचे काम. खरे तर तीन धावांची आघाडी हाती असताना एक इनिंग काढणे फार कठीण नाही, म्हणून नुसत्या सेव्हच्या आकड्यांवरून पिचरची पारख करू नये. सगळ्यांत जास्त सेव्ह ज्याच्या नावावर आहेत, त्याची थोरवी मात्र इतर आकड्यांतही दिसते.

तो म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा. जन्म २९ नोव्हेंबर १९६९, पनामा सिटी. बालपण पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावी गेले. वडील मासेमारी बोटीचे कप्तान होते आणि मुलगाही त्यांच्या बोटीवर राबला. चेंडू जुन्या जाळ्यांचा, ग्लोव्ह दुधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा, बॅट झाडाच्या फांदीची, असा त्याचा लहानपणचा खेळ. स्थानिक संघात तो मुळात शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या थांब्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक. एकदा पिचरला मार पडू लागला म्हणून चेंडू टाकायला उभा राहिला. १९९० मध्ये यांकीजने त्याला अवघ्या दोन-तीन हजार डॉलरवर करारबद्ध केले. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. २३ मे १९९५ रोजी मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, पहिला सामना तो खेळला, तोही स्टार्टर म्हणून, आणि यांकीज १०-० ने हरले. त्या वर्षी त्याला दहा सामन्यांत स्टार्टर म्हणून उतरवले. त्यानंतर पुन्हा कधीच नाही.

१९९६ मध्ये क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग त्याच्याकडे आल्या. त्याने १०७ हून अधिक इनिंग टाकल्या, १३० जणांना स्ट्राइक आउट केले (चेंडू धड मारूच न देता बाद केले) आणि यांकीजने वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. पुढच्या वर्षी वेटलँड गेला आणि नववी इनिंग रिव्हेराची झाली. त्याच १९९७ च्या उन्हाळ्यात सहकारी रामिरो मेंडोसाशी सहज चेंडूची फेकाफेक करताना त्याचा सरळ जाणारा चेंडू आपोआप वळू लागला. मेंडोसाला तो धड पकडता येईना. आधी रिव्हेराने हे वळण घालवायचा प्रयत्न केला. जमले नाही, तेव्हा तेच ठेवले. हाच त्याचा प्रसिद्ध 'कटर'.

क्रिकेटमधला लेग कटर टप्पा पडल्यावर वळतो. हा हवेतच, बॅटच्या तोंडाशी येऊन काही इंच सरकतो. डावखुऱ्या बॅटरच्या तो थेट मुठीत घुसे, आणि लाकूड मुठीपाशी कमकुवत असल्याने बॅट मोडे. १९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये रायन क्लेस्कोच्या तीन बॅटी त्याने एकाच पाळीत मोडल्या. येणार तो कटरच, हे समोरच्याला ठाऊक असे आणि तरी उपाय नसे. चार-पाच प्रकारचे चेंडू पोतडीत घेऊन फिरणाऱ्या पिचरांच्या जगात एवढ्याशा भांडवलावर कोणी दीड तप टिकावे, हे नवलच.

त्याची सर्वांत मोठी हारही याच चेंडूवर झाली. ४ नोव्हेंबर २००१, अ‍ॅरिझोना, वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, यांकीज २-१ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये रिव्हेराने तिघांना स्ट्राइक आउट केले. नवव्यात मार्क ग्रेसने सिंगल काढला, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. पुढचा बंट (बॅट आडवी धरून हळूच टोलवलेला चेंडू) रिव्हेराने स्वतः उचलला, पण दुसऱ्या बेसकडे केलेली फेक भरकटली. टोनी वोमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली. तिन्ही बेसवर धावपटू, एक बाद. धाव अडवायला बेसांजवळचे क्षेत्ररक्षक पुढे सरकलेले. लुईस गोन्झालेस डावखुरा. कटर नेहमीसारखाच मुठीपाशी लागला, चेंडू लुळा उडाला, शॉर्टस्टॉप डेरेक जीटरच्या डोक्यावरून पलीकडे पडला आणि विजयी धाव आली. जीटर नेहमीच्या जागी असता तर बहुधा तो सोपा झेल होता.

२००४ मध्ये बोस्टननेही त्याच्या हातून सामना हिसकावला. तरी प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतला, एकूण हिशेब थक्क करणारा आहे: १४१ इनिंगमध्ये पिचरच्या खाती जमा होणाऱ्या धावा फक्त ११, होम रन दोन, सेव्ह ४२. यांकीजसोबत त्याने पाच वर्ल्ड सीरिज जिंकल्या. १९ सप्टेंबर २०११ रोजी ट्रेव्हर हॉफमनचा ६०१ सेव्हचा विक्रम त्याने मागे टाकला. मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. वय ४२ होते, सगळे संपले असे अनेकांना वाटले. पुढच्या वर्षी तो परतला आणि आणखी ४४ सेव्ह काढून ६५२ वर थांबला. त्या निरोपाच्या हंगामात मिनेसोटाच्या संघाने मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची करून त्याला भेट दिली. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत तोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ १९९७ मध्ये सर्व संघांनी निवृत्त केलेला (आधीपासून घालणाऱ्यांना मात्र मुभा होती) ४२ क्रमांक नियमित अंगावर घालणारा तो शेवटचा खेळाडू होता. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला ४२५ पैकी ४२५ मते पडली. असे एकमत त्याआधी कोणाच्याही बाबतीत झाले नव्हते.

घरच्या मैदानावर तो शेवटचा उतरला २६ सप्टेंबर २०१३ रोजी. चार बॅटर आले, चारही बाद झाले. मग त्याला बाहेर न्यायला मॅनेजर जो जिरार्डी आले नाहीत. पंचांची परवानगी काढून त्यांनी अँडी पेटिट आणि जीटर या त्याच्या जुन्या सोबत्यांना पाठवले. पेटिटने हात पुढे करून चेंडू मागितला आणि रिव्हेरा त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. सामना यांकीज ४-० ने हरले. वाचवण्यासारखे त्या दिवशी काही नव्हतेच.