नवे प्रिंट आले आहेत : घेण्याआधी थोडे वाचा

गणपती-दसऱ्यासाठी सुती कापडात तीन नवे प्रिंट आणले आहेत. तिन्हींची नक्षी आपल्याच भागातली आहे.

पहिला कमळाचा. बेळगावच्या किल्ल्यातली कमळबस्ती हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातले, १२०४ ची. तिच्या छताला उलटे लोंबणारे दगडी कमळ आहे. किल्ल्यात जाऊनही मान वर करून ते न पाहणारे बेळगावकर पुष्कळ! मूळ कमळाला ७२ पाकळ्या आहेत, पण तेवढ्या बारीक छापल्या की रंग एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसतो. म्हणून २४ च ठेवल्या, तीर्थंकरांच्या संख्येइतक्या. राखाडीवर पांढरा आणि डाळिंबीवर पिवळा, असे दोन रंग आहेत.

दुसरा कशिद्याचा. धारवाडकडच्या कसुतीत गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी असे चार टाके. आम्ही मुर्गीची पायऱ्या-पायऱ्यांची रेघ घेतली आणि तिच्यावर गोपूर व तुळशीवृंदावन बसवले. ही कसुती नव्हे, कसुतीवरून केलेली छपाई आहे. खरी कसुती कापडावर काही न आखता, धागे मोजून भरतात. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, गाठ कुठेच दिसत नाही. कुणी छापील कापड कसुती म्हणून पुढे केले, तर उलटे करून बघा. गोपूर-वृंदावन पायाशी येऊ नये म्हणून हा प्रिंट फक्त ओढणी आणि कुर्त्याच्या कापडात आहे, सलवारीच्या नाही.

तिसरा इरकलच्या गोमी काठावरून, उभ्या पट्ट्यांचा. परकर-पोलक्याला शोभतो.

खणाचा प्रिंट का नाही, असे रोज कुणीतरी विचारते. सध्या खणाच्या साड्या, पर्स, अगदी मुलांचे कुर्तेसुद्धा निघालेत, म्हणजे मागणी आहेच. पण गुळेदगुड्डच्या खणातली नक्षी मागावरच विणली जाते, आणि त्यातच त्याची मजा. ती छापून विकायला मन घेत नाही. विणलेला खण हवा असेल तर तो वेगळा ठेवलेला आहे. पन्हा लहान असतो, झंपरापुरता घ्या.

आता धुण्याचे. छपाई रिॲक्टिव्ह रंगाची आहे. हा रंग सुती धाग्याला घट्ट धरतो, त्यामुळे कापड कडक लागत नाही. तरी डाळिंबी रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा सुटेल, तो वरचा जास्तीचा रंग. तेव्हा ते वेगळे धुवा. मिठाच्या पाण्याने हा रंग पक्का होत नाही, आई-आजींनी सांगितले असले तरी! वाळवायचे सावलीत, उलटे करून. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, म्हणून शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवा.

पन्हा ४४ इंच, साध्या कुर्त्याला अडीच मीटर पुरते. कमळाला वर-खाली नाही, पण गोपुराला आहे. त्या प्रिंटला पाव मीटर जास्त घ्या आणि शिंप्याला आधीच सांगा, नाहीतर पाठीवरची गोपुरे उलटी येतील. रंगाबद्दल शंका असेल तर नमुन्याचा तुकडा मागून घ्या. ट्यूबलाइटखाली डाळिंबी फसवतो, घरी दिवसाउजेडी पाहून मग ठरवा.