तापमापीच्या आधीची थंडी

१६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदी इतकी घट्ट गोठली की तिच्यावर दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. बर्फावरून घोडागाड्या धावल्या, अख्खे बैल भाजले गेले. कुणीतरी चक्क छापखाना मांडला आणि लोक आपलं नाव छापलेला कागद आठवण म्हणून विकत घेऊ लागले. इंग्रज लेखक जॉन एव्हलिनने हे सारं रोजनिशीत टिपलं आहे. थंड हवेमुळे कोळशाचा धूर वर चढत नाही आणि रस्त्यापलीकडचंही नीट दिसत नाही, अशी तक्रारही तो करतो. जमिनीलगत थंड, जड हवा आणि तिच्यावर उबदार थर असला की धूर असाच कोंडतो.

अशा बर्फावरच्या जत्रा मोजून जुने हिवाळे किती कडक होते हे ठरवायचा मोह होतो. पण थेम्स हा साक्षीदार तितकासा भरवशाचा नाही. लंडनच्या जुन्या पुलाच्या कमानी अरुंद होत्या. त्यांत पाणी अडायचं, प्रवाह मंदावायचा आणि बर्फ साचायचा. शेवटची जत्रा १८१४ ची. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाला, जुना पाडला गेला, पुढे काठ बांधून काढल्याने नदीचं पात्रही अरुंद झालं. १९६२-६३ चा हिवाळा १८१४ च्या हिवाळ्यापेक्षाही थंड होता, तरी शहराच्या मध्यभागी नदी गोठली नाही. लघु हिमयुगाची, म्हणजे साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या थंड काळाची, थंडी खरीच होती. मध्य इंग्लंडच्या १६५९ पासूनच्या तापमाननोंदींत १६८३-८४ इतका थंड हिवाळा दुसरा नाही (सरासरी उणे १.२ अंश सेल्सिअस). मात्र जत्रा बंद पडण्याचं श्रेय एकट्या हवामानाला देता येत नाही.

माझा विश्वास त्यापेक्षा जपानमधल्या सुवा सरोवराकाठच्या शिंतो पुजाऱ्यांवर जास्त बसतो. सरोवर कधी गोठलं याची नोंद ते १४४३ पासून ठेवत आले. कारण धार्मिक होतं: बर्फावर उठणारा लांबलचक उंचवटा म्हणजे पलीकडच्या काठावरच्या देवीला भेटायला गेलेल्या देवाची वाट, अशी श्रद्धा. उंचवटा उठतो तो मात्र तापमानाच्या चढउतारामुळे. रात्री बर्फ आकसतो, त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी शिरून गोठतं. दिवसा बर्फ प्रसरण पावतो, पण भेगा आता भरलेल्या. जागाच नाही म्हटल्यावर तो वर उचलला जातो.

सरोवर एखाद्या रात्रीच्या गारठ्याने गोठत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे पृष्ठभागाचं थंड पाणी खाली बसत राहतं आणि सगळं पाणी ४ अंशांवर येईपर्यंत वरचा थर गोठू शकत नाही. म्हणजे गोठण्याच्या तारखेत कित्येक आठवड्यांच्या थंडीची बेरीज असते. पुजारी तापमान मोजत नव्हते. त्यांच्यासाठी ते काम सरोवरच करत होतं.

फिनलंड-स्वीडन सीमेवरच्या टोर्ने नदीची गोष्ट अधिक व्यवहारी. तिथला व्यापारी ओलोफ आलबोम याने १६९३ पासून वसंतात बर्फ कधी फुटतो हे लिहायला सुरुवात केली. व्यापार आणि वाहतूक नदीवर अवलंबून, त्यामुळे ती तारीख त्याच्या कामाची होती. मध्ये युद्धामुळे खंड पडला, पण नंतर इतरांनी नोंदी पुढे चालू ठेवल्या.

२०१६ मध्ये या दोन्ही नोंदींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. सुवाच्या पहिल्या सुमारे २५० वर्षांत सरोवर न गोठल्याची वर्षं फक्त ३ होती; १९५५ ते २००४ या अर्धशतकात ती १२ झाली. टोर्नेचा बर्फही आता लवकर फुटतो. कुठल्याही एका नोंदीवर शंका घेता येते: लिहिणारे बदलतात, पंचांगं बदलतात, सुवाच्या मधल्या काळातल्या नोंदी तर कमी भरवशाच्या मानल्या जातात. पण एकमेकांचं नावही न ऐकलेल्या पुजाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वह्या औद्योगिक क्रांतीनंतर बदलाचा वेग वाढल्याचं सांगतात, तेव्हा तो योगायोग मानणं अवघड जातं.