तरुण माजी विद्यार्थ्यांचा सत्कार : ठाणे-नवी मुंबईत ही प्रथा रुजली कशी?

डिसेंबर-जानेवारी आला की ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या गेटवर गॅदरिंगच्या फलकाशेजारी ‘अ‍ॅल्युम्नी मीट’चा फलकही लागतो. पूर्वी या मेळाव्यात मान असायचा तो निवृत्तीला आलेल्या डॉक्टर-वकिलांचा. आता पदवी घेऊन जेमतेम दहा वर्षं झालेल्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलावतात.

शिकलेल्या मुलांचं कौतुक आपल्याला नवीन नाही. ज्ञातिसंस्था, गणेशोत्सव मंडळं आणि गावकीही दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘गुणवंतांचा गुणगौरव’ करत आल्या आहेत. शाल, श्रीफळ, पाकिटात थोडी रक्कम. पण तो सत्कार गावाने आपल्या लेकराचा केलेला असतो. विद्यापीठाने आपल्या पदवीधराला पुन्हा घरी बोलावणं ही निराळी गोष्ट, आणि ती आपल्याकडे उशिरा सुरू झाली.

त्याचं कारण मुंबई विद्यापीठाच्या घडणीत आहे. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ सुरुवातीची अनेक वर्षं परीक्षा घेऊन पदव्या देण्याचंच काम करायचं. शिकवायची ती कॉलेजं. त्यामुळे पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचं आणि जीव मात्र कॉलेजात, अशी वाटणी झाली आणि ती आजही टिकून आहे. तरीही या विद्यापीठाचा आरंभ तरुणांपासूनच झाला. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे पहिले बी. ए. झाले, तेव्हा रानडे अवघे वीस वर्षांचे होते. पुढे १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. ते याच विद्यापीठाचे पदवीधर, आणि वय चाळिशीच्या जरा पुढे. तरुण पदवीधरावर याहून मोठा विश्वास कोणता?

आजही विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. त्यासाठी पदवीधरांच्या मतदारयादीत नाव नोंदवावं लागतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ते कधीच नोंदवलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५चं, पण खाडीकाठच्या त्याच्या परिसरात बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि जोशी-बेडेकर महाविद्यालय उभी राहिली ती १९६९ साली. त्याआधी पदवीसाठी बहुतेकांना लोकल धरून मुंबई गाठावी लागे. नवी मुंबईचं वय तर त्याहून कमी. ती वसवणारी सिडकोच १९७० सालची. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी नेरूळचं रामराव आदिक इन्स्टिट्यूट निघालं. वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ साली, वाशीचं फादर अ‍ॅग्नेलचं अभियांत्रिकी कॉलेज १९९४ साली सुरू झालं, आणि नेरूळच्याच डी. वाय. पाटीलला २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे इथल्या बऱ्याच संस्थांची पहिलीवहिली तुकडीसुद्धा अजून निवृत्तीच्या वयाला पोचलेली नाही. इथे ‘माजी विद्यार्थी’ म्हटलं की तो बहुधा तरुणच निघतो.

या प्रथेचे बाकी दोन धागे बाहेरून आले. पहिला अमेरिकेतला. तिथल्या विल्यम्स कॉलेजात १८२१ सालीच माजी विद्यार्थ्यांची संघटना झाली होती. पुढे नियतकालिकांनी चाळिशीच्या, तिशीच्या आतल्या कर्तबगारांच्या याद्या काढल्या. ‘फोर्ब्स इंडिया’ची तिशीच्या आतल्यांची यादी २०१४ पासून येऊ लागली, आणि तो साचा कॉलेजांनी उचलला. दुसरा धागा नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा. मूल्यांकनाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा मिळाली. नोंदणीकृत संघटना आहे का, तिचं योगदान काय, हे विचारलं जाऊ लागलं. त्यामुळे वर्षानुवर्षं निजलेल्या संघटना जाग्या झाल्या, त्यांची नोंदणी झाली, खाती उघडली. सक्तीने का होईना, चांगलंच झालं.

खटकतं ते निवडीचं माप. मी पाहिलेल्या एका अर्जात कंपनी, हुद्दा, परदेशी विद्यापीठ, पुरस्कार असे रकाने होते. घरातली पहिली पदवी कोणाची, हा रकाना नव्हता. नवी मुंबई वसली ती ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर, शेतं आणि मिठागरं देऊन. या जमिनीच्या हक्कासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. त्या आगरी-कोळी घरांतली नातवंडं आज इंजिनीअर, परिचारिका, शिक्षिका आहेत. माझ्या मते त्यांची वाटचाल मोजायला पगाराचा आकडा तोकडा आहे.

दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका सत्काराला गेलो होतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, आता एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचं काम बघणारी तिशीतली मुलगी. नाव पुकारल्यावर ती व्यासपीठावर गेली, शाल खांद्यावर घेतली, आणि माइक हातात येताच शेवटच्या रांगेकडे बघत म्हणाली, “लॅबचे मामा आलेत का?” आले होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकून उभे. पहिल्या वर्षी तिच्या हातून ब्युरेट फुटली होती आणि ब्रेकेजचे पैसे भरायला घरी सांगायची तिची हिंमत नव्हती. ते मामांनी भरले होते. तिने खाली उतरून अंगावरची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. मामा तिला एवढंच म्हणाले, “आता घरी सांगितलंस ना?”