आठ टक्के फ्लॅट आणि अकरा टक्के रिड्युसिंग: स्वस्त कोणतं?

गेल्या आठवड्यात फरसाणाचा कारखाना असलेले एक ओळखीचे गृहस्थ आले. माल पोचवायला त्यांना कर्जावर गाडी घ्यायची होती. शर्टाच्या खिशातून त्यांनी शोरूमच्या सेल्समनचं व्हिजिटिंग कार्ड काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: ५ लाख, ३६ महिने, ८%, १७,२२२. "बँकवाला अकरा सांगतोय, हा आठ. यात विचारायचं काय?" असं म्हणत ते मला विचारायला आले होते.

मी लोकांच्या हिशेबाच्या वह्या लिहितो. हे कार्ड दसरा-पाडव्याच्या सुमाराला कुणी ना कुणी घेऊन येतंच. शोरूम बदलते, पेनाचा रंग बदलतो, गोंधळ तोच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी गाडीचं उरकून घेऊ, कारण त्यात तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. माल हलका, पसरट आणि पावसाला भिणारा असेल (फरसाण, खारी, कपडे, औषधं), तर बंद पाठीची मारुती ईको कार्गो. माल जड आणि उघड्यावर चालणारा असेल, तर टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी, नाहीतर मारुतीची सुपर कॅरी. कांद्याची पोती घेऊन घाट चढायचा असेल तर बोलेरो पिकअप, वाद नको. सीएनजी घेणाऱ्यांनी एवढंच बघावं की टाकीचं वजन तुमच्या मालाच्या वजनातून जातं. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो घेते, सीएनजीवर ६२५. पाण्याचे जार पोचवणाऱ्याला याचा अर्थ फेरीमागे वीस लिटरचे पाच जार कमी. तीन हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलंय.

एक मात्र करू नका. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, पाच सीटांची ईको घ्यायची, मागची सीट काढून पोटमाळ्यावर टाकायची आणि डबे भरायचे. अपघात झाला की विमा कंपनीचा पहिला प्रश्न "गाडीत काय होतं?" हाच असतो. शिवाय मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय) तुमच्या विक्रीच्या जीएसटीतून वळता करता येतो, प्रवासी गाडीवरचा येत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायचा, वळता काही करायचा नाही) असाल तर दोन्हीकडे पाणी सोडा.

आता कार्ड.

आपल्याकडे शेकड्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. शेकडा दीड म्हणजे शंभराला महिन्याला दीड रुपया, वर्षाला अठरा. आणि हेही सगळ्यांना ठाऊक असतं की दोन लाखांतले पन्नास हजार परत केले, तर पुढच्या महिन्यापासून व्याज दीड लाखावरच. परत केलेल्या पैशावर व्याज मागणाऱ्याला गावात कुणी दारात उभं केलं नसतं. बँक ज्याला रिड्युसिंग म्हणते ते हेच. त्यात नवीन काही नाही, तुमच्या आजोबांना ते येत होतं.

फ्लॅटमध्ये नेमका हाच नियम मोडलेला असतो. पाच लाखांचे आठ टक्के म्हणजे वर्षाला चाळीस हजार. तीन वर्षांचे एक लाख वीस हजार. हे पहिल्याच दिवशी मुद्दलात मिळवायचे, ६,२०,००० करायचे आणि ३६ ने भागायचं. झाला १७,२२२ चा हप्ता. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय याची या गणिताला दादच नाही. तिसऱ्या वर्षीही पूर्ण पाच लाख तुमच्याच खिशात आहेत असं समजून व्याज लावलेलं असतं.

शेवटचा हप्ता डोळ्यांसमोर आणा. सेल्समन जसं समजावतो त्याच पद्धतीने मोडला, तर १७,२२२ मध्ये १३,८८९ मुद्दल आणि ३,३३३ व्याज. म्हणजे त्या महिन्यात तुमच्याकडे बाकी फक्त १३,८८९ रुपये आहेत, आणि त्यांचं एका महिन्याचं व्याज ३,३३३. शेकडा चोवीस! एवढं कुणी तोंडावर मागितलं असतं तर तुम्ही चहाचा कप तसाच टाकून उठला असता.

आता बँकेचं अकरा टक्के रिड्युसिंग. तेच पाच लाख, तेच ३६ महिने. हप्ता १६,३६९. एकूण व्याज साधारण ८९,३००. फ्लॅटचं होतं १,२०,०००. 'स्वस्त' आठ टक्के ३०,७०० रुपयांनी महाग पडले.

उलट गणित केलं, तर त्या आठ टक्के फ्लॅटचा खरा वार्षिक दर साडेचौदा निघतो. शेकड्यात सांगायचं तर एक रुपया एकवीस पैसे. माझ्या अनुभवात टक्केवारीने कुणाचे डोळे उघडत नाहीत, शेकडा सांगितला की लगेच उघडतात. तोंडी हिशेबाला एवढं पुरे: फ्लॅट दराला पावणेदोनने गुणा आणि वर थोडं घाला. नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. त्यात हप्त्यांची संख्या, हप्ता वजा चिन्हासह आणि कर्जाची रक्कम भरा, उत्तराला बाराने गुणा.

या गोंधळाला नावांनीही हातभार लावलाय. रिड्युसिंगचं मराठी लोक 'घटता व्याजदर' करतात आणि मग विचारतात, "अकरावरून पुढच्या वर्षी दहा होणार का?" दर घटत नाही हो, बाकी घटते. घटत्या बाकीवरचं व्याज म्हणा. त्याहून मला चीड येते ती फ्लॅट आणि फिक्स्ड एकच समजण्याची. सेल्समन खुशाल म्हणतो, "फिक्स रेट आहे साहेब, वाढायची भीती नाही," आणि कागदावर असतो फ्लॅट. फिक्स्ड म्हणजे दर मुदतभर बदलत नाही. फ्लॅट म्हणजे व्याज मूळ रकमेवर मोजायचं. पहिला प्रश्न दर हलतो का याचा, दुसरा तो कशावर लावतात याचा. बँकांची बरीच वाहनकर्जं फिक्स्ड असतात, तरीही रिड्युसिंग.

"पण हप्त्यात फरक साडेआठशेचाच आहे," असं ते गृहस्थ म्हणाले. नुसता हप्ता बघणाऱ्याला मुदत वाढवून गप्प करता येतं. तोच आठ फ्लॅट पाच वर्षांचा केला की हप्ता ११,६६७ होतो, गोड वाटतो, आणि व्याज होतं दोन लाख. मालगाडी पाच वर्षांत कशी दिसते ते तुमच्याच दारात बघा. मी सगळ्यांना चौथा हिस्सा रोख आणि तीन वर्षं एवढंच सांगतो. झिरो डाउन पेमेंटचा बोर्ड दिसला की दुसऱ्या बाजूने चाला.

फ्लॅटचा आणखी एक चटका मुदतीआधी कर्ज फेडायला गेल्यावर बसतो. दिवाळीचा हंगाम चांगला गेला, बारा हप्ते झालेत, उरलेलं फेडून मोकळं व्हावं म्हणून माणूस जातो. त्याच्या मनातला हिशेब असा: मुद्दल महिना १३,८८९ ने कमी झालं, म्हणजे राहिले ३,३३,०००. खिडकीतून आकडा येतो ३,५७,००० च्या आसपास, वर मुदतीआधी फेडण्याचा आकार वेगळा. माणूस भांडतो. पण विकताना फ्लॅट सांगितलेलं कर्ज कंपनीच्या वहीत घटत्या बाकीनेच, त्या साडेचौदा टक्क्यांनी लिहिलेलं असतं, आणि सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग मोठा असतो. म्हणजे खरा दर कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. कार्डावर तेवढा लिहिला नव्हता.

(एक अवांतर, माझ्या सोयीसाठी: हप्ता हा खर्च नव्हे. त्यातलं व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. गाडीचा घसारा वेगळा मिळतो. "पूर्ण हप्ता खर्चात टाका ना" असं दरवर्षी तीन-चार जण सांगतात.)

कार्ड घेऊन यायची आता खरं तर गरजच राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च मांडणारा कागद, देणं सक्तीचं केलंय, बँकांना आणि फायनान्स कंपन्यांनाही. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत असावं लागतं, म्हणजे मराठीत मागा. त्यात एपीआर नावाची ओळ असते. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात मारलेले इतर खर्च धरून निघालेला वार्षिक दर. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, दोन्हीकडच्या या ओळी शेजारीशेजारी ठेवा. आणि "ऑफर आजच्यापुरतीच" असं कुणी म्हणालं, तर त्या कागदावरच्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस टिकाव्या लागतात हे त्याला हसत सांगा.

आमच्या गृहस्थांनी परत जाऊन तो कागद मागितला. दोन दिवस "साहेब बाहेर आहेत" झालं, मग मिळाला. फी वगैरे धरून दहा हजार कर्जातूनच कापून घेणार होते, त्यामुळे एपीआरच्या ओळीत जवळजवळ १६ होते. कार्डावर आठ, कागदावर सोळा. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवले, थोडा वेळ बघितले, घडी घालून खिशात टाकले आणि मला विचारलं, "बँकेतनं घेतो मग. रंग कुठला घेऊ?"

पांढरा. उन्हात आतला माल कमी तापतो.