शब्दात विणलेले सहा धागे

११८५ साली नोव्हगोरोद-सेवेर्स्कीचा (हे आजच्या युक्रेनमधलं शहर) राजा इगोर भटक्या पोलोव्त्सी टोळ्यांवर चालून गेला. पहिल्या दिवशी त्याची सरशी झाली. त्या मोहिमेवरच्या जुन्या रशियन काव्यात लुटीची यादीच आहे: सोनं, ‘पावोलोका’ आणि मौल्यवान ‘ओक्सामित’. कापड एवढं हाती आलं की सैनिकांनी झगे नि कातडी डगले दलदलीत अंथरून वाटा केल्या!

यातला ‘पावोलोका’ अस्सल स्लाव्ह शब्द. मूळ धातूचा अर्थ ओढणं, पांघरणं. रशियनमधला ढगाचा शब्द ‘ओब्लाको’ त्याच धातूचा. आभाळाला पांघरलेला तो ढग. कापड मात्र परकं, बायझंटाइन रेशीम. कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट ते सहजासहजी बाहेर जाऊ देत नसत. दहाव्या शतकातल्या एका तहानुसार रुस (म्हणजे इगोरच्याच मुलखातल्या) व्यापाऱ्यांना ५० सुवर्णनाण्यांहून महाग रेशीम घ्यायची मुभा नव्हती, आणि घेतलेल्यावर सम्राटाच्या अधिकाऱ्याचा शिक्का लागे.

‘ओक्सामित’ची (पुढे ‘अक्सामित’) गोष्ट मला अधिक मोहवते. हा शब्द ग्रीक ‘हेक्सामितोन’वरून आला. ‘हेक्स’ म्हणजे सहा, ‘मितोस’ म्हणजे ताण्याचा, मागावरचा उभा धागा. हा ‘हेक्स’, संस्कृत ‘षष्’, रशियन ‘शेस्त’ आणि आपला ‘सहा’ हे सगळे एकाच कुळातले. सहाच का, याचं उत्तर विणीत सापडतं. या कापडात ताणे दोन असतात. एक आत दडून नक्षीचा रंग वर-खाली करतो, दुसरा बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, बांधून ठेवतो. दोन्हींचे तीन-तीन धागे झाले की वीण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नावातले सहा ते हेच, असं सहसा मानतात. बाणा ताण्याला जवळजवळ झाकून टाकत असल्याने वर दिसतं ते नुसतं चकाकतं रेशीम.

पश्चिमेकडे जाताना हा शब्द झिजला. लॅटिनमध्ये ‘एक्सामितुम’, मग ‘सामितुम’, फ्रेंचमध्ये ‘सामित’, शेवटी जर्मन ‘झाम्ट’. सहाचा आकडा गळाला, उरला फक्त ‘स’. स्लाव्ह भाषांनी मात्र ‘ओक्सा’, ‘अक्सा’ असा तो जपला.

कापडच तेवढं बदललं. आज युक्रेनियन ‘ओक्सामित’ आणि पोलिश ‘अक्सामित’ म्हणजे मखमल. तिची मऊ लव वेगळ्या ताण्याचे फास उभे करून, ते कापून काढलेली असते. त्या जुन्या सहा धाग्यांच्या विणीशी तिचा काही संबंध नाही.