टेस्टोस्टेरॉन उपचार आणि प्रोस्टेटची देखरेख

शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी तयार होणाऱ्या पुरुषांना ते इंजेक्शन, जेल किंवा गोळ्यांतून दिले जात असताना त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर ठेवायचे वैद्यकीय लक्ष. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेल्या या ग्रंथीला मराठीत पुरःस्थ ग्रंथी किंवा अष्ठीला म्हणतात. दवाखान्यात मात्र सगळ्यांच्या तोंडी ‘प्रोस्टेट’च असते. ही ग्रंथी वाढते आणि काम करते ती पुरुष-संप्रेरकांच्या जोरावर. तिच्या पेशींत ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक बनवते. त्यामुळे बाहेरून संप्रेरक सुरू केले की प्रोस्टेटचे काय होईल, हा प्रश्न रुग्णाच्या मनात येणारच, आणि तो रास्त आहे.

या प्रश्नामागची भीती १९४१ पासूनची. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले, की वृषणे काढली किंवा इस्ट्रोजेन दिले तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो आणि टेस्टोस्टेरॉन टोचले तर बळावतो. पहिला निष्कर्ष आजही उपचारांचा पाया आहे. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा निष्कर्ष मात्र फार थोड्या आधारावर उभा होता. बोस्टनचे युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) अब्राहम मॉर्गेंटेलर यांनी मूळ निबंध पुन्हा वाचला. टेस्टोस्टेरॉन दिलेल्या तिघांपैकी दोघांचेच निकाल त्यात होते, आणि त्या दोघांपैकी एकाची वृषणे आधीच काढलेली असल्याने तो सर्वसाधारण रुग्ण नव्हता. म्हणजे ‘आगीत तेल’ ही समजूत जवळपास एका रुग्णावर टिकून होती, आणि तिच्यामुळे कित्येक दशके खरी गरज असलेल्या पुरुषांनाही हा उपचार देताना डॉक्टर कचरत राहिले.

मॉर्गेंटेलर यांनी मांडलेले स्पष्टीकरण संपृक्ततेचे आहे. तहानलेली जमीन पाणी पिते; पुरती भिजली की वरचे पाणी नुसते वाहून जाते. प्रोस्टेटमधील संप्रेरक-ग्राही, म्हणजे संप्रेरक जिथे चिकटते त्या जागा, बऱ्याच कमी पातळीलाच भरून जातात, त्यापुढे टेस्टोस्टेरॉन वाढले तरी ग्रंथीवर फारसा फरक पडत नाही. रक्तातील नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन आणि कर्करोगाचा धोका यांचा संबंध १८ अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणातही आढळला नाही. उपचाराबाबतचा सर्वांत मोठा पुरावा २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीतून आला. पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत तीव्र श्रेणीचा प्रोस्टेट कर्करोग जेल घेणाऱ्या २,५९६ जणांपैकी ५ जणांना, तर औषधविरहित जेल घेणाऱ्या २,६०२ जणांपैकी ३ जणांना झाला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. मात्र पीएसए (पुढे सांगितलेली रक्तचाचणी) दर मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्यांना किंवा लघवीचा तीव्र त्रास असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून तिचा दिलासा आधी तपासून घेतलेल्यांपुरताच धरावा.

देखरेखीची मुख्य चाचणी पीएसए, म्हणजे प्रोस्टेट पेशींतून वीर्यात आणि थोडेसे रक्तात उतरणारे प्रथिन. ते टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन फार कमी असलेल्या पुरुषाचा पीएसए मुळातच दबलेला असतो. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तो थोडा चढतो. निद्रिस्त ग्रंथी तिच्या नेहमीच्या आकाराकडे परतत असते. ही वाढ अपेक्षित असते, पण कर्करोग दडलेला असेल तर त्याची चाहूलही याच काळात लागते. दोन्हींत फरक करायचा तर पहिल्या मात्रेपूर्वीचा आकडा हाताशी हवाच. नंतर तो कोणत्याही खर्चाने मिळवता येत नाही.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार ५५ ते ६९ वयाच्या, आणि वडील किंवा भावाला हा कर्करोग झाला असल्यास ४० वर्षांपासूनच्या, पुरुषांशी फायद्या-तोट्यांची चर्चा करून, त्यांची तयारी असेल तर सुरुवातीला पीएसए व गुदमार्गे बोटाने तपासणी करतात. पुढची तपासणी ३ ते १२ महिन्यांत आणि त्यानंतर वयाप्रमाणे नेहमीची. पहिल्या वर्षात पीएसए दर मिलिलिटरला १.४ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त वाढला, कधीही ४ च्या वर गेला, बोटाला गाठ लागली किंवा लघवीचा त्रास बराच वाढला तर युरॉलॉजिस्टकडे पाठवतात. समजा, सुरुवातीला २.० असलेला पीएसए सहा महिन्यांनी ३.६ झाला. आकडा चारच्या आत, म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर खूण नसेल आणि घरात ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हटले जाईल. पण वाढ १.६ आहे, आणि ती तपासायलाच हवी.

अर्थात, एका आकड्यावर निर्णय होत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रोस्टेटचा दाह, लघवीसाठी नुकतीच घातलेली नळी, आदल्या एक-दोन दिवसांतील वीर्यपतन यांनी पीएसए वर जातो. म्हणून चाचणी पुन्हा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करतात. उलट बाजूची चूक अधिक घातक. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (५-अल्फा रिडक्टेज रोखणारी औषधे) घेणाऱ्याचा पीएसए काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर येतो, आणि आकडा दुप्पट धरून वाचावा लागतो. केसगळतीवरच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीलाही हे लागू आहे. ती ‘औषध’ वाटतच नसल्याने डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

लघवीच्या त्रासासाठी सात प्रश्नांची, ० ते ३५ गुणांची लक्षणपत्रिका वापरतात. १९ पेक्षा जास्त गुण असतील तर उपचार सुरू करू नये, असे मार्गदर्शन आहे. रक्तातील हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचे प्रमाण, हेही याच वेळी पाहतात. तो ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात. भारतात टेस्टोस्टेरॉन चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. तरीही शरीर कमावण्यासाठी परस्पर इंजेक्शने घेणाऱ्यांच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. डोस उपचाराच्या कित्येक पट, आणि आधीचा कोणताही आकडा नाही.

पीएसए खरोखर वाढलेला ठरला तर बहुधा एमआरआय आणि गरजेनुसार तुकडा काढून तपासणी होते. ज्ञात प्रोस्टेट कर्करोगात हा उपचार सहसा देत नाहीत. शस्त्रक्रियेने बरे झालेल्यांना तो द्यावा का, यावर धोका-फायद्याचा हिशेब मांडण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनचे मत आहे. काही निवडक रुग्णांना तो दिला जातो तेव्हा मोजपट्टीच बदलते: ग्रंथी काढलेली असल्याने पीएसए जवळपास शून्य असायला हवा, आणि अगदी ०.२ इतकी नोंद पुन्हा आली तरी ती रोग परतल्याची खूण मानली जाते.